केफ्रीची ओळ एका फंक्शनमधून दुसरीकडे गेली, रिव्ह्यूत आता काय बघायचं?

आधी प्रश्न सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही लिंक लागेल. केफ्री म्हणजे कर्नलमध्ये घेतलेली मेमरी परत सोडणारं फंक्शन. तासगावचा एक पोरगा, पुण्यात एका कंपनीत डिव्हाइसवरचं लिनक्स कर्नल सांभाळतो. त्यांच्या कर्नलमध्ये स्मॅक (कर्नलसोबत येणारं एक सिक्युरिटी मॉड्यूल) चालू आहे आणि शेजारी त्यांचं स्वतःचं एक छोटं सिक्युरिटी मॉड्यूल आहे. सहकाऱ्याचा १४ ओळींचा पॅच आलाय. माउंट करताना (फाइलसिस्टिम जोडताना) ऑप्शनचा जो स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, येतो त्याची मॉड्यूल आधी कॉपी करून घ्यायचं आणि मूळ स्ट्रिंग ज्यानं कॉल केला तोच सोडायचा. आता कॉपी बंद, मॉड्यूल मूळ स्ट्रिंगच स्वतःकडे ठेवून घेतं आणि पॅराममधला (ऑप्शन ज्यातून येतो त्या स्ट्रक्चरमधला) पॉइंटर, म्हणजे स्ट्रिंगचा मेमरीतला पत्ता, नल म्हणजे रिकामा करून टाकतं. जाता जाता सोडायच्या फंक्शनमध्ये केफ्री-कॉन्स्ट होतं तिथं साधं केफ्री केलंय, 'सोपं व्हावं म्हणून'. बूट होतंय, ऑप्शन देऊन माउंट होतंय, कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं टूल) गप्प आहे, सीनियर म्हणाला ठीक दिसतंय. तर रिव्ह्यूड-बाय, म्हणजे 'मी तपासलं' अशी सही, देऊन टाकू का, आणि लेखकाला काय लिहू?

भावा, आत्ता नको देऊस. पॅच चुकीचाच आहे असं मी म्हणत नाही, पण तू सांगितलंस त्यातलं सगळं डिफच्या, म्हणजे बदललेल्या ओळींच्या, आतलं आहे, आणि मालकी (मेमरी सोडायची जबाबदारी) बदलणाऱ्या पॅचमधला घोळ बहुतेक वेळा डिफच्या बाहेर असतो, ज्या ओळी बदलल्याच नाहीत तिथं. त्या ओळी काल बरोबर होत्या, आज चुकीच्या झाल्यात, आणि डिफमध्ये त्या हिरव्या-लाल काहीच दिसत नाहीत.

माझे चुलते सांगलीत हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. हरिपूरला जमिनीत पेवं असायची, हळद आत भरायची, तोंड बंद करायचं आणि व्यवहार सगळा कागदावर. माल जागचा हलायचा नाही, पावती हातातून हातात फिरायची. आजही पॉइंटर म्हटलं की मला ती पावतीच दिसते. पावती हरवली आणि माल पेवातच राहिला तर तो लीक. एकाच पावतीवर दोघांनी माल उचलायला माणसं पाठवली तर डबल फ्री. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माल उचलून झाला, पेवात दुसऱ्या कुणाचा माल भरला, आणि तुझ्या खिशात जुनी पावती तशीच, तू जाऊन पेव उघडतोस आणि आत भलत्याचाच माल. हा यूज-आफ्टर-फ्री. हल्लेखोर नेमकं हेच करतो, रिकाम्या झालेल्या पेवात घाईघाईनं स्वतःचा माल भरतो आणि तू जुनी पावती घेऊन यायची वाट बघत बसतो. चुलते कधी 'माल कुठं आहे' असं विचारायचे नाहीत, 'उचलायचा कुणी' असं विचारायचे. बाकी पेव आणि कर्नलची तुलना इथंच सोडतो, फार ताणली की तुटते.

आता तुझ्या पॅचकडे. तू जे वर्णन केलंयस तसंच प्रकरण मुख्य कर्नलमध्ये घडून गेलंय आणि ते वाचल्याशिवाय पुढं जाऊ नकोस. २०१९ पासून कर्नलमध्ये माउंटची जी नवी पद्धत आली तिच्यात ऑप्शन घेणाऱ्याला स्ट्रिंग 'चोरायची' मुभा आहे, चोरलंस तर पॅराममधला पॉइंटर नल कर, म्हणजे कॉल करणारा शेवटी केफ्री करेल ते नल वर होईल आणि नल वर केफ्री केलं तर काहीच बिघडत नाही. साधा करार आहे. स्मॅकनं तो पाळला, स्ट्रिंग घेतला, पॉइंटर नल केला, शून्य, म्हणजे 'झालं', परत दिलं. पण त्याच हुकवर, म्हणजे कर्नल सिक्युरिटी मॉड्यूलांना एकामागून एक विचारतो त्या जागी, पुढं बीपीएफ नावाचं आणखी एक मॉड्यूल बसलं होतं, त्यानं 'हा ऑप्शन माझा नाही' म्हणून ईनोपॅराम हा एरर कोड परत दिला. आणि हुक फिरवणारा कोड शेवटचं उत्तर वर पाठवायचा. म्हणजे वरच्याला वाटलं की कुणीच ऑप्शन घेतला नाही, मग तो आपला लेगसी पार्सरकडे (जुन्या पद्धतीनं ऑप्शन वाचणाऱ्या कोडकडे) गेला आणि त्यानं तिथं स्ट्रिंगची कॉपी करायला घेतली, जो आता नल होता. सिझबॉटनं, म्हणजे कर्नलवर आपोआप चाचण्या घेणाऱ्या बॉटनं, हे पकडलं आणि २०२२ मध्ये दुरुस्ती आली, की कुणीही एकानं शून्य दिलं तर ते धरायचं, 'माझा नाही' हे उत्तर खरी चूक मानायचं नाही.

बघ यात स्मॅकचा कोड बरोबर, बीपीएफचा बरोबर, लेगसी पार्सरही त्याच्या परीनं बरोबर. चूक कुठं होती तर मालक कोण झाला ही बातमी दोन वाटांनी जात होती, एक नल पॉइंटरमधून आणि एक रिटर्न व्हॅल्यूमधून, आणि दोन्ही वाटांनी वेगवेगळं सांगितलं गेलं. मालकीचा पॅच हातात आला की मी पहिलं हेच शोधतो, मालकी बदलल्याचं कळतं कशावरून, आणि ते सांगणाऱ्या जागा एकापेक्षा जास्त आहेत का.

तुझ्याकडे स्मॅक आणि तुमचं मॉड्यूल असे दोन आहेतच. तेव्हा ती २०२२ ची दुरुस्ती तुमच्या कर्नलच्या ट्रीमध्ये आहे का ते स्वतः उघडून बघ, माउंट होतंय म्हणजे असणारच असा तर्क करू नकोस. समजा नाही, आणि तुमचं मॉड्यूल स्मॅकच्या आधी आहे, तर तुमचं मॉड्यूल ऑप्शन घेईल, स्मॅक 'माझा नाही' म्हणेल, आणि वरच्याला तेच उत्तर जाईल. कॉपीवाल्या जुन्या कोडमध्ये फार तर माउंट नाकारलं गेलं असतं कारण मूळ स्ट्रिंग जागेवर होता. चोरणाऱ्या नव्या कोडमध्ये मशीन कोसळेल. म्हणजे कॉपी ही नुसती उधळपट्टी नव्हती, कुणी ठरवून केलेलं असो नसो ती एक चूक झाकत होती. बूटच्या वेळी एलएसएम (सिक्युरिटी मॉड्यूलांच्या यादीच्या) पॅरामीटरमध्ये मॉड्यूलांचा क्रम उलटा करून दोन्ही क्रमांनी माउंट करून बघ, पाच मिनिटांचं काम आहे.

मग कागद घे. खरंच कागद घे, मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर करतो, घरचे हसतात. तीन ओळी लिही. फंक्शन यशस्वी झालं तर स्ट्रिंग कुणाचा, फेल झालं तर कुणाचा, आणि अर्धवट झालं तर कुणाचा. पहिली ओळ सगळे लिहितात. दुसरीत बरेच जण अडकतात कारण 'फेल झालं तर कॉल करणाऱ्याचाच' हे म्हणायला सोपं असतं पण कोडमध्ये पॉइंटर आधी नल केलेला असतो आणि मग खाली दुसरं अलोकेशन (मेमरी मागणं) फेल होऊन एरर परत जाते, म्हणजे वरच्याला वाटतं स्ट्रिंग खालच्यानं घेतला आणि खालचा म्हणतो मी फेल झालो माझा काय संबंध, आणि स्ट्रिंग बसला लटकत. म्हणून नल करायची ओळ शेवटची पाहिजे, जिच्यानंतर फेल होण्यासारखं काहीच उरत नाही अशी. तुझ्या पॅचमध्ये ती ओळ कुठं आहे ते बघ, तिच्याखाली एक जरी 'एरर असेल तर बाहेर पड' असेल तर तिथंच पहिली कमेंट टाक.

अर्धवटचा घोळ तर आणखी वेगळा. एसई-लिनक्समध्ये, तेही स्मॅकसारखंच सिक्युरिटी मॉड्यूल, २०२२ च्या सुरुवातीला एक दुरुस्ती झाली, पॉलिसीतल्या कंडिशनल यादीबद्दलची. यादी वाचताना चूक झाली की आतलं फंक्शन यादी मोडून टाकायचं आणि एरर परत द्यायचं, मग बाहेरचं फंक्शन आपलं सगळं आवरायला घ्यायचं आणि तीच यादी परत मोडायला जायचं. मोडणारा कोड यादीची लांबी बघून फिरतो आणि लांबी जुनीच राहिलेली. उपाय काय केला, मोडतानाच लांबी शून्य करायची आणि पॉइंटर नल, म्हणजे दुसऱ्यांदा बोलावलं तरी काही होत नाही. मला हा उपाय आवडतो. नुसता पॉइंटर नल करून भागत नाही, त्या पॉइंटरसोबत फिरणारी लांबी, फ्लॅग, काउंट हे सगळं एकाच संसारातलं आहे, एक हलवलं की सगळं हलवावं लागतं.

आता डिफच्या बाहेर. तुमच्या मॉड्यूलमध्ये माउंट कॉन्टेक्स्टची (एका माउंटची माहिती धरणाऱ्या स्ट्रक्चरची) नक्कल करणारा हुक असेल, नसेल तर का नाही ते विचार. तो नक्कल कशी करतो? आख्खं स्ट्रक्चर मेम-डुपनं जसंच्या तसं उचलत असेल तर आतला स्ट्रिंगचा पॉइंटर दोन्हीकडे तोच जाणार, एका पावतीची झेरॉक्स काढल्यासारखं, आणि दोन्ही कॉन्टेक्स्ट संपताना दोघंही सोडणार. हा घोळ पॅचच्या आधीही असू शकतो, नाही असं नाही, पण मालकी बदलणाऱ्यानं तो बघितला पाहिजे. आणि तोच ऑप्शन एकाच माउंटमध्ये दोनदा दिला तर? दुसरा पहिल्यावर लिहिला गेला की पहिला लीक. स्मॅक दुसऱ्यांदा आलेला ऑप्शन सरळ नाकारतो. तुमचं काय करतं ते मला तुझ्या वर्णनावरून कळलं नाही, पण सामान्य युजर स्वतःच्या नेमस्पेसमध्ये (स्वतःपुरत्या वेगळ्या केलेल्या आवारात) माउंट करू शकत असेल तर हा लीक तो लूपमध्ये घालून हवा तेवढा वाढवू शकतो.

लीकवरून सांगतो, 'लीकच आहे ना, सिक्युरिटी बग थोडाच' असं म्हणणारे भेटतील. त्यांना २०१६ चं कीरिंगचं (कर्नल किल्ल्या ठेवतो त्या जुडग्याचं) प्रकरण दाखव, सुरक्षा-दोषांच्या यादीत सीव्हीई-२०१६-०७२८. प्रोसेसनं सेशन कीरिंग जॉईन करताना तीच कीरिंग परत मागितली, जी आधीच तिची होती, तर कोड लवकर बाहेर पडायचा आणि शोधताना घेतलेला रेफरन्स ('मी हे वापरतोय' अशी काउंटरमधली नोंद) सोडायचा विसरायचा. एका कॉलला एक रेफरन्स जास्त. काउंटर ३२ बिटांचा. ४ अब्जांहून जास्त वेळा तेच केलं की काउंटर फिरून शून्यावर, कर्नलला वाटतं कुणीच वापरत नाही, ऑब्जेक्ट मोकळा, आणि इकडं पॉइंटर जिवंत. शोधणाऱ्यांना साध्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर अर्धा तास लागला होता. बग कर्नल ३.८ पासून होता, म्हणजे जवळपास ३ वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. दुरुस्ती एका ओळीची, बाहेर पडण्याआधी की-पुट, म्हणजे तो रेफरन्स सोडणं.

त्यानंतर २०१७ मध्ये ४.११ ला रेफकाउंट-टी हा काउंटरचा नवा प्रकार आला, त्यात काउंटर फिरून शून्यावर जायच्या ऐवजी वर अडकून बसतो आणि ऑब्जेक्ट कायमचा लीक होतो. म्हणजे कर्नलवाल्यांनी विचार करून ठरवलं की दोन्हीतलं एक निवडायचंच असेल तर लीक परवडला, मोकळ्या जागेचा वापर परवडत नाही. माझंही मत तेच आहे. आजकाल स्टॅटिक टूल चालवून 'लीक फिक्स' म्हणून पॅच पाठवणाऱ्यांचं जे पेव फुटलंय त्याची मला जास्त भीती वाटते, कारण टूलला कळत नाही की खाली कुणीतरी स्ट्रिंग ठेवून घेतलाय, माणूस बघत नाही, आणि एक निरुपद्रवी लीक, कित्येकदा नसलेलाच लीक, डबल फ्री होऊन बसतो.

मी स्वतः खाल्लेली ठेच सांगतो. एका क्लायंटच्या कर्नलमध्ये, नाव सोड, लेबलचा (सिक्युरिटी मॉड्यूल फाइल-प्रोसेसला लावतं त्या चिठ्ठीचा) स्ट्रिंग परत देणाऱ्या फंक्शनचा पॅच मी पाऊण तासात पास केला होता. आमचं टेस्ट मशीन स्मॅकवर चालायचं. आता गंमत बघ, सिक्युरिटी आयडीवरून लेबलचा मजकूर मिळवला की वापरून झाल्यावर रिलीज-सेकसीटीएक्स बोलवायचा नियम. एसई-लिनक्समध्ये ते फंक्शन खरोखर केफ्री करतं. स्मॅकमध्ये ते काहीच करायचं नाही, कारण स्मॅकची लेबलं एका यादीत असतात आणि ती यादीतून कधी काढलीच जात नाहीत, तुम्हाला मिळतो तो उसना पॉइंटर. म्हणजे एकाच इंटरफेसला एका मॉड्यूलमध्ये तुम्ही मालक आणि दुसऱ्यात पाहुणे. आमच्या पॅचमध्ये एका एरर वाटेवर रिलीज राहून गेलं होतं. स्मॅकवर हजार वेळा चालवलं तरी काय दिसणार? त्यांच्या एका प्रॉडक्टवर एसई-लिनक्स होतं, तिथं काही आठवड्यांनी मेमरी संपून डिव्हाइस बंद पडायला लागली. मला फोन आला तेव्हा मी मिरजेत स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो, आणि फोन ठेवायच्या आधीच मला कळलं होतं कुठली ओळ असणार, कारण रिव्ह्यू करताना तिथं क्षणभर थांबलो होतो आणि 'असू दे' म्हणून पुढं गेलो होतो. २०२५ मध्ये ६.१४ ला मजकूर, लांबी आणि कुठल्या मॉड्यूलचा आहे ते एका स्ट्रक्चरमध्ये बांधलं गेलं, त्यामुळं रिलीज करताना निदान ज्याचं त्याला परत जातं. पण विसरणाऱ्याला स्ट्रक्चर काय करणार.

क्रेडेन्शियलचा (प्रोसेसच्या ओळख-अधिकारांचा) करार उलट एकदम स्वच्छ आहे, त्यावरून शिकण्यासारखं आहे. प्रिपेअर-क्रेड्सनं नवी प्रत मिळते, ती तुझी. मग एक तर कमिट-क्रेड्स किंवा अबॉर्ट-क्रेड्स, तिसरा रस्ता नाही. कमिट केलं की तुझा रेफरन्स त्यानं खाल्ला, वर ते नेहमी शून्यच परत देतं, म्हणजे 'कमिट फेल झालं तर काय' हा प्रश्नच उरत नाही. असं डिझाइन दिसलं की रिव्ह्यू दहा मिनिटांत होतो. तुमच्या मॉड्यूलला जमत असेल तर लेखकाला सुचव.

आरसीयूबद्दल, म्हणजे लॉक न घेता वाचू देणाऱ्या पद्धतीबद्दल, थोडकंच. पॉइंटर आरसीयूखाली वाचला जात असेल तर नवा मालक ग्रेस पिरियड (आधीचे वाचणारे संपेपर्यंतचा वेळ) थांबून सोडतोय का, की जुना मालक केफ्री-आरसीयू करायचा आणि नव्यानं साधं केफ्री लावलंय, एवढं बघ. किल्ल्या, पासवर्ड असलं काही असेल तर जुना मालक केफ्री-सेन्सिटिव्ह करत होता का तेही बघ, ते सोडण्याआधी मेमरी पुसतं. मालकी जनरल कोडकडे गेली की तो बिचारा साधं केफ्री करतो आणि किल्ली तशीच मागे पडून राहते, कुठलंही टूल ओरडत नाही कारण तांत्रिकदृष्ट्या सगळं बरोबर असतं.

टूलबद्दल तू 'कासान गप्प आहे' लिहिलंस. कासान लीक दाखवत नाही, त्याचं ते कामच नाही. त्याला केमेमलीक लागतं, तेही आपोआप दर १० मिनिटांनी स्कॅन करतं, त्यामुळं टेस्ट झाल्या झाल्या बघून 'काही नाही' म्हणू नकोस, डीबग-एफएसमधल्या त्याच्या फाइलमध्ये स्कॅन लिहून हातानं चालव, आणि ५ सेकंदांपेक्षा ताजं अलोकेशन ते धरत नाही म्हणून जरा थांबून चालव. आणि दोन्ही टूल जी वाट चालली तिच्याबद्दलच बोलतात. कर्नलमध्ये छोटं अलोकेशन सहसा फेलच होत नाही, म्हणजे एरर वाट कोडमध्ये आहे पण तिच्यावरून कुणी गेलेलंच नाही. त्यासाठी फॉल्ट इंजेक्शन (अलोकेशन मुद्दाम फेल करवणं) चालू कर. प्रॉकमधल्या सेल्फखाली फेल-एनटीएच नावाची फाइल असते, तिच्यात १ लिहून माउंट केलं की पहिलं अलोकेशन फेल, मग २, मग ३, असं माउंट पूर्ण यशस्वी होईपर्यंत वाढवत जा, कासान आणि केमेमलीक दोन्ही चालू ठेवून. तुझ्या १४ ओळींसाठी हा लूप रात्रीचं जेवण होईपर्यंत संपतो. मी पैज लावायचो तर याच्यात काहीतरी सापडेल यावर लावेन.

लेखक कदाचित म्हणेल अंडरस्कोर-फ्रीवाली नवी पद्धत वापरू, स्कोप संपला की आपोआप सुटतं. ६.५ पासून ती आहे आणि चांगली आहे, मी विरोधात नाही. पण मालकी पुढं देताना नो-फ्री-पीटीआर ('हे आता इथं सोडू नको' असं सांगणारं) लिहायचं राहिलं तर आपोआप सुटणारी गोष्ट आपोआप डबल फ्री होते, आणि ती ओळ दिसतही नाही कारण ती लिहिलेलीच नसते. जुना गोटू (एरर आली की खाली उडी मारून आवरायची पद्धत) आणि नवी पद्धत एकाच फंक्शनमध्ये मिसळली असेल तर सरळ परत पाठव.

आणि बॅकपोर्ट. तुम्ही हा पॅच जुन्या शाखेवरही नेणार असाल तर तिथला कॉल करणारा वेगळा असू शकतो, त्याला नल झालेल्या पॉइंटरचा करार माहीतच नसेल. पॅच स्वच्छ लागला म्हणजे करार लागला असं होत नाही. प्रत्येक शाखेत कॉल करणारे नव्यानं ग्रेप कर, हुक असल्यामुळं थेट नाव सापडणार नाही, फंक्शन पॉइंटरच्या वाटेनं शोधावं लागेल, कंटाळा येतो पण कर.

लेखकाला काय लिहायचं ते विचारलं होतंस. 'मालकी बदलतेय ते ठीक, पण कमिट मेसेजमध्ये यश आणि अपयश दोन्ही वेळी स्ट्रिंग कुणाचा ते एकेका वाक्यात लिहा, आणि हुकच्या वरच्या कमेंटमध्येही' एवढं लिही. ते त्याला लिहिता आलं नाही तर त्यालाही माहीत नाही. भांडायची गरज नाही. माउंट करून बघितलंस त्याबद्दल टेस्टेड-बाय द्यायला हरकत नाही, तेवढं तू खरंच केलंयस.

राहिलं ते केफ्री-कॉन्स्टचं. मला पॅचमधली सगळ्यात संशयास्पद ओळ तीच वाटते, आणि तू ती जाता जाता सांगितलीस. केस्ट्रडुप-कॉन्स्ट हे, दिलेला स्ट्रिंग कर्नलच्या रीड-ओन्ली भागातला असेल तर कॉपीच करत नाही, तोच पॉइंटर परत देतं, आणि म्हणूनच ते सोडायला केफ्री-कॉन्स्ट लागतं. चोरलेला स्ट्रिंग केमॅलॉकच्या (चालताना मेमरी घेणाऱ्या फंक्शनच्या) कुटुंबातला असतो, त्याला साधं केफ्री चालतं, लेखकाचं तेवढं बरोबर आहे. पण युजरनं ऑप्शन दिलाच नाही तर तुमचं मॉड्यूल डिफॉल्ट लेबल कुठून आणतं? कोडमध्ये अवतरणात लिहिलेला स्ट्रिंग असेल तर अनमाउंटला त्याच्यावर केफ्री चालेल. तुझ्या सगळ्या टेस्टमध्ये ऑप्शन दिलेला आहे असं तुझ्या वर्णनावरून दिसतंय. आज ऑफिसात गेल्या गेल्या ऑप्शन न देता एकदा माउंट-अनमाउंट करून बघ आणि काय होतंय ते सांग.